मंजुरी म्हणजे खरेदी नव्हे! माझगावच्या गोदीतली पाणबुडी नौदलात यायला बारा वर्षं का लागली?

मोबाईलवर दर चार-आठ दिवसांनी एखादी बातमी फिरत येते. 'नौदलाला मिळणार नव्या पाणबुड्या', 'हजारो कोटींच्या खरेदीला मंजुरी', 'शत्रूची झोप उडाली'. गावच्या ग्रुपवर ती पडली की खाली अंगठे येतात. त्याच आठवड्यात कुणीतरी 'डिफेन्सचा शेअर घेऊन ठेवा, डबल होणार' असा मेसेजही टाकतो. पण मंजुरी मिळालेली पाणबुडी प्रत्यक्षात येते कधी, तिचे पैसे कसे जातात, ती बनवतं कोण, हे त्या बातमीत सापडत नाही.

हे समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही. मुंबईत हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोड नावाचं स्टेशन आहे. तिथून जवळच, भाऊच्या धक्क्याच्या शेजारी, माझगाव डॉक ही सरकारी गोदी आहे. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्यांनी तिथल्या उंच क्रेन आणि करड्या रंगाची जहाजं बघितलेली असतात. भारतात आजवर बांधलेल्या डिझेलवर चालणाऱ्या सगळ्या पाणबुड्या याच गोदीतून बाहेर पडल्या आहेत.

गोदी जुनी, काम नवं

माझगावला जहाजांसाठी पहिली कोरडी गोदी बांधली गेली 1774 मध्ये. कोरडी गोदी म्हणजे समुद्राला लागून बांधलेला मोठा हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं आणि कोरड्यात काम करायचं. 1934 मध्ये इथे कंपनी स्थापन झाली आणि 1960 मध्ये ती केंद्र सरकारने ताब्यात घेतली. ऑक्टोबर 2020 मध्ये तिचे शेअर बाजारात आले, पण मोठा हिस्सा अजून सरकारकडेच आहे. जून 2024 मध्ये तिला 'नवरत्न' दर्जा मिळाला.

दक्षिणेला, फोर्टच्या बाजूला, लायन गेटच्या आत आहे नौदलाची गोदी. दोन्ही वेगळ्या आहेत, बातम्यांत मात्र गल्लत होते. माझगाव डॉक नवी जहाजं बांधते, नौदलाची गोदी मुख्यतः असलेल्या जहाजांची दुरुस्ती आणि देखभाल करते. मुंबईत सागवानी युद्धनौका बांधणाऱ्या वाडिया घराण्याचा वारसा या जुन्या गोदीचा. त्यांनी 1817 मध्ये बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे जतन करून ठेवलेलं आहे.

याच किनाऱ्यावर रे रोडजवळ दारूखाना आहे. तिथे जहाजं तोडतात. 1971 च्या युद्धातली विमानवाहू 'विक्रांत' शेवटी भंगारात निघाली आणि तोडली गेली ती इथेच, 2014 मध्ये काम सुरू होऊन. म्हणजे काही मिनिटांच्या अंतरावर एकीकडे जहाज जन्माला येतं आणि दुसरीकडे मोडीत निघतं.

लालबाग, परळ, गिरगाव, माझगावच्या चाळींत एकेकाळी गिरणी, रेल्वे वर्कशॉप आणि गोदी अशी तीन मोठी पोटापाण्याची ठिकाणं होती. कोकणातली आणि घाटावरची हजारो माणसं त्यावर जगली. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा कणा मोडला. आज गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे आहेत. गोदीत मात्र अजून लोखंड कापलं जातं, वेल्डिंग चालतं, पाळ्या लागतात.

पाणबुडी चालते कशी?

खरेदीचा घोळ कळायला आधी ही वस्तू काय आहे ते बघू. माझगावला बांधलेल्या सहा नव्या पाणबुड्या 'कलवरी' वर्गातल्या म्हणून ओळखल्या जातात. डिझाईन फ्रान्सच्या कंपनीचं, मूळ नाव स्कॉर्पीन. लांबी सुमारे 67.5 मीटर. आत दोन डिझेल इंजिनं आणि बॅटरीचे 360 सेल. एका सेलचं वजन 750 किलो. म्हणजे नुसत्या बॅटऱ्याच 270 टनांच्या.

घरच्या इन्व्हर्टरसारखीच ही व्यवस्था आहे. पाण्याखाली पाणबुडी बॅटरीवर चालते, त्यामुळे आवाज जवळजवळ नसतो. बॅटरी उतरली की चार्ज करायला डिझेल इंजिन लावावं लागतं, आणि इंजिनला हवा लागते. मग पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढते. डोहात डुंबणारी म्हैस जशी अंग पाण्यात ठेवून फक्त नाकपुड्या वर ठेवते, तसंच. पण म्हशीच्या नाकपुड्या जशा काठावरून दिसतात, तशीच ही नळी, इंजिनाचा धूर आणि आवाज शत्रूच्या विमानाला किंवा जहाजाला सापडू शकतो. पाणबुडीच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची वेळ हीच.

यावर उपाय म्हणून जी यंत्रणा निघाली तिला 'एआयपी' म्हणतात. बाहेरची हवा न घेता आतल्या आत वीज तयार करायची सोय. ती असली की काही दिवसांच्या जागी दोनेक आठवडे पाणबुडी वर न येता, सावकाश चालत, खाली राहू शकते. संरक्षण संशोधन संस्थेच्या अंबरनाथ इथल्या प्रयोगशाळेने अशी यंत्रणा बनवली आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातून थेट वीज काढणारी. मार्च 2021 मध्ये तिची जमिनीवरची महत्त्वाची चाचणी झाली. पण माझगावच्या सहाही पाणबुड्या नौदलात आल्या त्या एआयपीशिवाय. आता त्या मोठ्या दुरुस्तीला येतील तेव्हा मध्ये कापून हा जादा भाग बसवायचा आहे. त्यासाठी 30 डिसेंबर 2024 ला माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटींचा करार झाला.

मंजुरीपासून जहाजापर्यंतच्या पायऱ्या

ग्रामपंचायतीत पाण्याची टाकी बांधायची असेल तर काय होतं? ग्रामसभेत ठराव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कमी दराचा ठेकेदार, कार्यारंभ आदेश आणि मग काम. ठराव झाला म्हणून नळाला पाणी येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. संरक्षण खरेदीही याच वाटेने जाते, फक्त वाट फार लांब आहे. हे काम संरक्षण खरेदी नियमावलीप्रमाणे चालतं.

पहिली पायरी: सैन्यदल आपली गरज मांडतं. किती खोल जाणारी, किती दिवस पाण्याखाली राहणारी, कुठली शस्त्रं नेणारी पाणबुडी हवी, हे लिहून काढतात.

दुसरी पायरी: संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद 'हो, याची गरज आहे' असं मान्य करते. बातम्यांत 'एओएन' किंवा 'खरेदीला मंजुरी' म्हणतात ती हीच. हा फक्त ग्रामसभेचा ठराव समजा. यात एक रुपयाही कुणाला दिला जात नाही.

तिसरी पायरी: कंपन्यांकडून प्रस्ताव मागवतात. याला 'आरएफपी' म्हणतात.

चौथी पायरी: आलेले प्रस्ताव अटीत बसतात का ते तपासतात. यंत्र चालवून बघतात. उन्हात, वाळवंटात, बर्फात, समुद्रात, जिथे वापरायचं तिथे चाचणी.

पाचवी पायरी: अटीत बसलेल्यांच्या किमतीची पाकिटं उघडतात. सगळ्यात कमी दरवाला ठरला की त्याच्याशी भावाची घासाघीस होते.

सहावी पायरी: रक्कम मोठी असेल तर पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती अंतिम होकार देते.

सातवी पायरी: करारावर सही. इथे खरेदी झाली असं म्हणायचं.

त्यानंतर बांधणी. पैसे एकदम जात नाहीत, टप्प्याटप्प्याने जातात. घरकुलाचा हप्ता जसा पाया, जोतं, छत असा कामाप्रमाणे मिळतो, तसं इथेही ठरलेलं काम झालं की पुढचा हप्ता.

बांधणीतही दोन शब्दांची गल्लत होते. 'जलावतरण' म्हणजे जहाज पहिल्यांदा पाण्यात उतरलं. तेव्हा आतलं बरंच काम बाकी असतं. 'नौदलात दाखल' म्हणजे सगळ्या चाचण्या होऊन ते नौदलाचं झालं. 'वाघशीर' या सहाव्या पाणबुडीचं जलावतरण 20 एप्रिल 2022 ला झालं आणि ती नौदलात आली 15 जानेवारी 2025 ला. मधली पावणेतीन वर्षं जोडणी आणि चाचण्यांत गेली. पाणी कुठून झिरपत नाही ना, खोल गेल्यावर दाब सहन होतो ना, आवाज किती होतो, शस्त्र नीट सुटतं का, हे एकेक बघावं लागतं. आत माणसं बसणार असतात, म्हणून इथे घाई करता येत नाही.

सहा पाणबुड्यांची वीस वर्षं

ऑक्टोबर 2005 मध्ये फ्रेंच कंपनीशी सहा पाणबुड्यांचा करार झाला. किंमत तेव्हा सुमारे 18,798 कोटी रुपये. सगळ्या माझगावला बांधायच्या, तंत्र फ्रान्सने द्यायचं. पहिली पाणबुडी डिसेंबर 2012 मध्ये मिळायची होती. प्रत्यक्षात काय झालं ते बघा.

• कलवरी: 14 डिसेंबर 2017
• खांदेरी: 28 सप्टेंबर 2019
• करंज: 10 मार्च 2021
• वेला: 25 नोव्हेंबर 2021
• वागीर: 23 जानेवारी 2023
• वाघशीर: 15 जानेवारी 2025

म्हणजे पहिलीला करारापासून बारा वर्षं, ठरलेल्या तारखेपासून पाच वर्षं उशीर. खर्चही वाढत 23,000 कोटींच्या पुढे गेला. उशिराची कारणं काय? बाहेरून घ्यायचे हजारो सुटे भाग आणि यंत्रं वेळेवर मागवली गेली नाहीत, त्यांच्या किमती वाढल्या, आणि नवं तंत्र हातात बसायला वेळ लागला. पाणबुडीचं पोलाद साधं नसतं. त्याचा सांधा जोडताना उष्णता किती, कुठल्या क्रमाने, हे सगळं ठरलेलं असतं, आणि प्रत्येक सांधा आतून तपासला जातो. केसाएवढी भेग राहिली तरी खोल पाण्यात ती जीव घेते. 2016 मध्ये याच स्कॉर्पीनच्या माहितीची हजारो पानं परदेशात फुटल्याचंही उघड झालं आणि मोठी खळबळ उडाली.

यातल्या 'खांदेरी'चं नाव आपल्या मातीतलं आहे. थळजवळच्या खांदेरी बेटावर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावर किल्ला नको म्हणून इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने ते बेट राखलं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

पाणबुडी आली, पण टॉर्पेडो?

खरेदीत एक गोष्ट अडली की दुसरी कशी लटकते, याचं हे उदाहरण. पाणबुडीचं मुख्य शस्त्र टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाजाच्या तळाशी फुटणारा बॉम्ब. या पाणबुड्यांसाठी इटलीच्या एका कंपनीचे 98 'ब्लॅक शार्क' टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं. त्याच उद्योगसमूहाचं नाव व्हीआयपी हेलिकॉप्टर घोटाळ्यात आलं आणि 2016 मध्ये हा व्यवहार रद्द झाला.

परिणाम असा, की नव्या कोऱ्या पाणबुडीत जुन्या पिढीचे टॉर्पेडो बसवावे लागले. नवा ट्रॅक्टर घेतला आणि मागे जुनाच नांगर जोडला, तशातला प्रकार. जहाजावर मारा करणारं 'एक्झोसेट' क्षेपणास्त्र मात्र या पाणबुड्यांकडे आहे. पुढे डिसेंबर 2024 मध्ये, एआयपीच्या करारासोबतच, देशात तयार होणारा जड टॉर्पेडो या पाणबुड्यांवर बसवण्यासाठी फ्रेंच कंपनीशी 877 कोटींचा करार झाला.

भ्रष्टाचाराचा संशय आला तर व्यवहार थांबवायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण पर्याय तयार न ठेवता थांबवला तर भोगतो तो पाणबुडीतला जवान. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

हात रिकामे राहिले की कसब जातं

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि तो बातम्यांत क्वचितच येतो.

डिसेंबर 1981 मध्ये जर्मन कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीत बांधायच्या, दोन माझगावला. माझगावचे कारागीर शिकले. त्यातून 1992 मध्ये 'शाल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी नौदलात आली आणि 1994 मध्ये 'शंकुल'. एवढ्यात तिकडे 1987 मध्ये या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले. पुढच्या दोन पाणबुड्या बांधायचा विचार होता, तो गुंडाळला गेला.

मग काय झालं? शंकुल 1994 ला गेली आणि पुढचा करार आला थेट 2005 मध्ये. मधली अकरा वर्षं पाणबुडीच्या कामाला हात नाही. ज्यांनी जर्मनांकडून वेल्डिंग शिकलं ते निवृत्त झाले, काही दुसऱ्या कामावर गेले, काही आखाताकडे वळले. 2005 नंतर पुन्हा पहिलीपासून शाळा सुरू. शेतीत पाहा, चांगला छाटणी करणारा माणूस दोन हंगाम मोकळा बसला की तो दुसऱ्या कामाला लागतो, आणि बाग पुन्हा धरली की नवख्या हातांनी छाटावी लागते. गोदीतही तेच झालं, फक्त इथे नवख्या हाताची किंमत शेकडो कोटींत.

आता वाघशीर जानेवारी 2025 मध्ये गेली. सहावी आणि शेवटची. पुढचं काम कुठे आहे?

दोन गोष्टी रांगेत आहेत. 13 जुलै 2023 ला आणखी तीन स्कॉर्पीन घ्यायला गरजेची मान्यता मिळाली. म्हणजे वर सांगितलेली दुसरी पायरी. दुसरी योजना त्याहून मोठी, सहा नव्या पाणबुड्यांची, एआयपीसकट. तिला 'पी-75 आय' म्हणतात. प्रस्ताव मागवले जुलै 2021 मध्ये, तेव्हा अंदाज 40,000 कोटींहून अधिकचा होता. शेवटी दोनच स्पर्धक उरले. माझगाव डॉक जर्मन कंपनीसोबत आणि लार्सन अँड टुब्रो स्पेनच्या कंपनीसोबत. अट अशी होती की एआयपी समुद्रात वापरून सिद्ध झालेली हवी. त्या अटीवर दुसरा प्रस्ताव बाद झाला आणि जानेवारी 2025 मध्ये माझगाव डॉक एकटी उरली. सप्टेंबर 2025 मध्ये किमतीच्या वाटाघाटी सुरू झाल्या. एकच पाकीट उरलं की भाव पाडून घेणं किती अवघड, हे निविदा बघितलेल्या कुठल्याही सरपंचाला सांगायला नको.

लक्षात घ्या, 1999 मध्ये केंद्राने तीस वर्षांची योजना मान्य केली होती, 2030 पर्यंत 24 पाणबुड्या बांधायची. 2025 पर्यंत त्यातल्या सहा झाल्या.

शेजारी काय चाललंय

एवढी घाई कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर 1971 मध्ये आहे.

9 डिसेंबर 1971 ला, दीवजवळच्या समुद्रात, 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्यासोबत गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पाच दिवस आधी, 4 डिसेंबरला, आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदर पेटवलं होतं. तो दिवस नौदल दिन म्हणून पाळतात. पण एक लपलेली पाणबुडी काय करू शकते, हे खुकरीने दाखवलं.

आज पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेत आहे. चार चीनमध्ये, चार कराचीत बांधायच्या. त्यांच्यात एआयपी आहे. आणि त्या वर्गाला नाव दिलंय 'हंगोर'. आपल्याकडच्या जुन्या जर्मन आणि रशियन पाणबुड्या 1980 च्या दशकापासून सेवेत यायला लागल्या. त्यातली पहिली जर्मन 'शिशुमार' 1986 ची. डागडुजी करून त्या चालवल्या जातात, पण बैल कितीही चांगला असला तरी त्याचंही वय होतंच.

पाणबुडीचा संबंध फक्त युद्धाशी नाही. आपल्या डिझेल पंपाचं इंधन ज्या कच्च्या तेलापासून होतं, ते आणि युरियाचा काही भाग समुद्रमार्गे येतो. ती वाट बंद झाली तर झळ पहिल्यांदा शेताच्या बांधावर लागते.

सगळंच चित्र उदास आहे असंही नाही. पाण्यावरच्या जहाजांत माझगावचा हात चांगलाच बसला आहे. 15 जानेवारी 2025 ला मुंबईत एकाच दिवशी वाघशीर, 'सुरत' ही विनाशिका आणि 'निलगिरी' ही फ्रिगेट अशी तीन जहाजं नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगावची. विनाशिकांचं काम एकामागून एक मिळत गेलं, हात थांबले नाहीत, म्हणून ते जमलं. सुरतमध्ये सुमारे 75 टक्के साहित्य देशी आहे.

पैसा कुठून, किती

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला 6,81,210 कोटी रुपये होते. यातून लगेच विमानं-जहाजं येतात असं नाही. शंभर रुपये धरले तर नवी शस्त्रं, जहाजं, विमानं आणि बांधकामं यांसाठी साधारण 26 रुपये. माजी सैनिकांच्या पेन्शनला जवळपास 24 रुपये. उरलेले पगार, रेशन, इंधन, दुरुस्ती आणि रोजच्या खर्चाला. आपल्या जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या घरात येणारी पेन्शन याच पैशातली, म्हणून हा खर्च वायफळ म्हणता येत नाही. पण त्यामुळे नव्या खरेदीला हात आखडता राहतो, हेही खरं. त्यातले 1,11,544 कोटी देशातल्या उद्योगांकडून खरेदीसाठी राखले होते.

हा पैसा सगळा मुंबईतच राहतो असंही नाही. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखरेसाठी ओळखलं जातं, पण तिथल्या कारखान्याने नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्सही बनवले. ज्या किर्लोस्करचं इंजिन आपण विहिरीवर लावत आलो, त्या पुण्याच्या कंपनीला एप्रिल 2025 मध्ये जहाजासाठी 6 मेगावॉटचं डिझेल इंजिन तयार करायचं काम मिळालं. खर्च 270 कोटी, त्यातला 70 टक्के सरकार देणार. कारण मोठ्या ताकदीची जहाजाची इंजिनं आजही परदेशातून येतात.

गावातल्या मुलांसाठी

माझगाव डॉक दरवर्षी अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार घेते. आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास असे तीन वेगळे गट असतात. वेल्डर, फिटर, पाईप फिटर, इलेक्ट्रिशियन, स्ट्रक्चरल फॅब्रिकेटर, रिगर असे ट्रेड असतात. अर्ज ऑनलाईन, परीक्षा, मग कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी. अर्ज फक्त कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा. 'आतून लावून देतो' म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. अप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नाही, हेही आधीच समजून घ्या. पण जहाजाच्या पोलादावर वेल्डिंग शिकलेला हात कुठेही रिकामा राहत नाही.

आणि इथेच सगळं येऊन मिळतं. कराराच्या सहीला उशीर झाला की तो दिल्लीतल्या फाईलचा उशीर राहत नाही. आयटीआय करून गोदीच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलाला काम मिळतं की नाही, हेही त्यावरच ठरतं.

बातमी वाचताना हे बघा

• 'मंजुरी' कुठली? परिषदेची असेल तर फक्त गरज मान्य झाली आहे. करार व्हायला अजून वर्षं लागू शकतात.
• 'करार' झाला का? कुणाशी, किती रुपयांचा, पहिली वस्तू कधी मिळणार, हे बातमीत आहे का?
• 'जलावतरण' झालं की 'नौदलात दाखल' झालं? दोन्हींत दोन-तीन वर्षांचं अंतर पडू शकतं.
• 'स्वदेशी' म्हणजे किती टक्के? इंजिन, टॉर्पेडो, रडार कुठलं आहे?
• शेअरची टीप असेल तर थांबा. ठरावाच्या बातमीवर भाव चढतो आणि करार लांबला की उतरतोही. पीककर्जाचा पैसा यात घालू नका.
• व्हिडिओत दिसणारं जहाज आपलंच आहे का? परदेशी जहाजांचे, गेममधले व्हिडिओ सर्रास आपले म्हणून फिरतात. फॉरवर्ड करण्याआधी संरक्षण मंत्रालयाचं किंवा पीआयबीचं निवेदन आहे का, ते बघा.

यापुढे 'पी-75 आय' हे नाव बातमीत आलं की एकच गोष्ट शोधा: सही झाली का? सही झाल्यावरही पहिली पाणबुडी पाण्यात यायला वर्षं लागतील. आणि सही जेवढी लांबेल, तेवढे माझगावचे शिकलेले हात पुन्हा मोकळे होत जातील. 1994 नंतर ते एकदा होऊन गेलं आहे, आणि त्याची किंमत देशाने मोजली आहे.